को जागर्ति

घट बसून चौथा दिवस. त्या सप्टेंबरात आई वाईहून आमच्याकडे आली होती आणि बॉस्टनजवळच्या वॉल्थममध्ये, आमच्या लाकडी घरात तिनं नंदादीप लावला होता. खोल ताटात वाळू, वाळूवर समई. दिवा विझू नये म्हणून ती रात्रीतून दोनदा उठून तेल घालायची. १७ ऑक्टोबर २००४ च्या रविवारी मात्र तिला गजर लावावा लागला नाही. आमचे घरमालक खालच्या मजल्यावर राहत. मध्यरात्र उलटून गेली तरी त्यांचा रेडिओ चालूच होता. एक वाजून बावीस मिनिटांनी खालून खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं ओरडणं.

"अगं, पडले की काय ते? जा, बघ आधी!" तेलाची बुधली तशीच हातात धरून आईनं मला पिटाळलं.

मी अनवाणीच जिना उतरले. आजोबा स्वयंपाकघरात उभे होते. (मुलं त्यांना आजोबा म्हणायची, मग आमच्याही तोंडी तेच बसलं.) टीव्ही चालू, पण आवाज बंद. चित्र टीव्हीचं आणि बोलणं रेडिओचं, ही त्यांची जुनी सवय. पडद्यावर बॉस्टनचा बेसबॉलपटू डेव्हिड ऑर्टिझ आपल्याच माणसांच्या घोळक्यात दिसेनासा होत होता. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. मालिकेत न्यू यॉर्क यांकीज तीन, बॉस्टन रेड सॉक्स एक.

सातातले चार सामने जिंकायचे असतात, तेव्हा अंतिम मालिका, वर्ल्ड सिरीज, गाठता येते. रेड सॉक्स पहिले तीन हरले होते, तिसरा तर १९-८ असा. ०-३ वरून उठून मालिका जिंकलेला संघ मेजर लीग बेसबॉलच्या इतिहासात एकही नव्हता. तरी हा माणूस एका विजयासाठी खुर्ची पाडून उभा होता, आणि त्याचे डोळे भरलेले होते.

मी १९९९ मध्ये इथे आले तेव्हा मला बेसबॉल कळत नव्हता. क्रिकेट पाहणाऱ्या घरातली मी. सुरुवातीला तर सारखी तुलनाच करत बसायची. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत एकेक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोजच. उन्हाळाभर तो रेडिओ आमच्या जमिनीतून वर झिरपायचा, स्वयंपाकाच्या वासासारखा. कुणी मुद्दाम ऐकत नसे आणि बंदही करत नसे. पण ऑक्टोबर उजाडला की आजोबांचा चेहरा बदलायचा. मोजके संघ उरतात, थंडी पडते, सामने उशिरा सुरू होतात आणि मध्यरात्रीच्या पलीकडे जातात. सहा महिने जे सहज चाललेलं असतं ते एकाएकी एकेका चेंडूवर येऊन टेकतं. याला इथे पोस्टसीझन म्हणतात. आजोबा फक्त "ऑक्टोबर" म्हणत.

तरुणपणी त्यांनी वॉल्थमच्या घड्याळांच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि त्यामुळेच असेल, प्रत्येक ऑक्टोबर त्यांना मिनिटासकट आठवायचा. त्यांच्या वडिलांनी अठराव्या वर्षी, १९१८ साली, रेड सॉक्सना वर्ल्ड सिरीज जिंकताना पाहिलं होतं. पुढच्याच वर्षाअखेर क्लबनं बेब रूथला एक लाख डॉलरना यांकीजकडे विकून टाकलं. त्यानंतर २००० सालापर्यंत यांकीजची २६ विजेतेपदं झाली आणि बॉस्टनचं एकही नाही. लोकांनी याला शाप म्हटलं. आजोबांना तो शब्द आवडत नसे. शाप म्हटला की कुणाचाच दोष नाही आणि कुणाचीच मेहनत नाही, असं होतं, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

पण दोष द्यायला माणसं लागतातच, आणि या संघाच्या इतिहासात ती आयती मिळत गेली. पहिला जॉनी पेस्की. १९४६ ची वर्ल्ड सिरीज, सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध सातवा सामना, आठवी इनिंग (सामना नऊ इनिंग्जचा, बरोबरी झाली तर पुढे चालतो). पहिल्या बेसवरून सुटलेला इनॉस स्लॉटर थांबलाच नाही, थेट घरी, म्हणजे जिथे पोहोचलं की धाव होते त्या चौथ्या बेसवर पोहोचला, आणि मालिका गेली. मधल्या फेकीसाठी चेंडू पेस्कीकडे आला होता. तो क्षणभर थबकला, असा ठपका आला. खरं तर मैदानाच्या मध्यभागचा नेहमीचा क्षेत्ररक्षक डॉम डिमॅजिओ दुखापतीनं बाहेर बसलेला होता, त्याच्या जागी आलेल्याची फेकच कमजोर होती. पेस्कीनं मात्र ते दुसऱ्यावर ढकललं नाही. तो याच क्लबात खेळाडू, व्यवस्थापक, समालोचक, प्रशिक्षक म्हणून म्हातारा होत राहिला. आजोबा तेव्हा वीस वर्षांचे, नुकतेच लष्करातून परतलेले. त्यांना पेस्कीचा राग आला होता आणि त्या रागाची लाज त्यांना पुढे आयुष्यभर वाटली.

१९७५ ची गोष्ट ते अगदी वेगळ्या आवाजात सांगत. वर्ल्ड सिरीज, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध सहावा सामना. हरलं की संपलं. पावसानं तीन दिवस वाट पाहायला लावलेली. आठव्या इनिंगमध्ये तीन धावांनी मागे असताना बदली फलंदाज म्हणून आलेल्या बर्नी कार्बोनं होमरन, म्हणजे बेसवरच्या सगळ्यांना घरी आणणारा कुंपणापारचा फटका, मारून ६-६ केली. अकराव्या इनिंगमध्ये ड्वाइट इव्हान्सनं उजव्या कुंपणापाशी असा झेल घेतला की आजोबा तो सांगताना अजूनही मान वळवायचे. मग बारावी इनिंग. रात्रीचे बारा चौतीस. कार्लटन फिस्कनं मारलेला चेंडू डाव्या सीमारेषेवरून वर चढला. आत पडला तर होमरन, बाहेर गेला तर काहीच नाही. फिस्क धावायचा सोडून पहिल्या बेसच्या वाटेवर उड्या मारत दोन्ही हातांनी चेंडूला "आत ये, आत ये" असं खुणावत राहिला. चेंडू सीमारेषेवरच्या खांबावर, फाउल पोलवर, आदळला. म्हणजे आत. ७-६.

हे हातवारे जगाला दिसले ते एका कॅमेरामुळे. फेन्वे पार्कच्या, म्हणजे रेड सॉक्सच्या मैदानाच्या, डाव्या बाजूला सदतीस फूट उंचीची हिरवी भिंत आहे, ग्रीन मॉन्स्टर. तिच्या पोटात, धावफलकाच्या मागे, एक कॅमेरामन बसला होता. नियमाप्रमाणे त्यानं चेंडूचा पाठलाग करायचा. पण त्याच्या पायाशी एक उंदीर येऊन बसला होता, म्हणून त्याला हलता आलं नाही आणि कॅमेरा फिस्कवरच राहिला, असं सांगतात. फिस्कच्या न्यू हॅम्पशरमधल्या गावी त्या अपरात्री चर्चची घंटा वाजवली गेली, असंही सांगतात. आजोबांनी झोपलेल्या मुलांना उठवून अंगणात नेलं होतं. का नेलं, हे त्यांना सांगता येत नसे.

दुसऱ्या दिवशी रेड सॉक्स सातवा सामना ४-३ असा हरले. इथल्या माणसाला १९७५ म्हटलं की हार आठवत नाही, हात आठवतात. मला या गावाबद्दल आपलेपणा वाटायला लागला तो या गोष्टीपासून.

१९७८ मध्ये यांकीजच्या बकी डेंटनं त्याच भिंतीवरून होमरन मारून बॉस्टनला बाहेर काढलं. तो जादाचा सामना नियमानं पोस्टसीझनमध्ये मोडत नाही, पण इथल्या आठवणीत असा भेद नाही. आजोबांचे वडील त्यानंतरच्याच हिवाळ्यात गेले.

१९८६ बद्दल मात्र ते कधी स्वतःहून बोलले नाहीत. ते मीच शोधून वाचलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. न्यू यॉर्कचं शे स्टेडियम, मेट्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, २५ ऑक्टोबर. बॉस्टन मालिकेत ३-२ नं पुढे आणि दहाव्या इनिंगमध्ये ५-३ नं पुढे. मेट्सचे दोन गडी बाद, बेसवर कुणी नाही. एक आऊट, की अडुसष्ट वर्षं संपली. मग एक फटका, दुसरा, तिसरा. ५-४. मग बॉब स्टॅन्लीचा एक चेंडू कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्याच्या, आवाक्याबाहेर गेला आणि ५-५ झाले. हे लक्षात ठेवायला हवं. बरोबरी आधीच झाली होती. मग मूकी विल्सननं पहिल्या बेसकडे एक सरपटी चेंडू मारला. तिथे उभा होता बिल बकनर, छत्तीस वर्षांचा, दोन्ही घोटे निकामी झालेला. एरवी पुढे असताना शेवटच्या इनिंगमध्ये त्याला विश्रांती देऊन दुसऱ्याला उभं करत. त्या रात्री तसं केलं नाही. चेंडू त्याच्या पायांमधून गेला. ६-५. सातव्या सामन्यातही बॉस्टन ३-० नं पुढे होतं, तरी हरलं. पण बावीस मोसम खेळलेल्या, २,७१५ हिट्स मारलेल्या, त्याच वर्षी १०२ धावा घरी आणलेल्या माणसाचं नाव त्या एका चेंडूला कायमचं चिकटलं.

मला हे पाहताना शारजा आठवलं. तेच वर्ष, १८ एप्रिल १९८६. आम्ही वाड्यातली सगळी पोरं शेजारच्यांच्या टीव्हीपुढे बसलो होतो. शेवटचा चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा छक्का. त्यानंतर गल्लीत कितीतरी दिवस आम्ही चेतन शर्माला नावं ठेवत होतो. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नागपूरला त्यानं वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक घेतली, तिन्ही गडी त्रिफळाचीत. तरी आजही नाव काढलं की आधी शारजाच. एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतरानं, दोन देशांनी आपापली निराशा एकेका माणसाच्या खांद्यावर ठेवली आणि आपण मोकळे झाले. त्या वाड्यात ती ठेवणाऱ्यांमध्ये मी होते.

मी आजोबांबरोबर संपूर्ण पाहिलेला पहिला ऑक्टोबर २००३ चा. यांकीजविरुद्ध सातवा सामना, ५-२ ची आघाडी, आणि दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला आठव्या इनिंगमध्ये काढून घेतलं नाही. बरोबरी झाली. अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर एरन बूननं होमरन मारला. वेकफिल्ड नकलबॉल टाकायचा. जवळजवळ न फिरणारा, संथ, वाऱ्यावर डुलत जाणारा चेंडू. कुठे जाईल ते टाकणाऱ्यालाही नक्की ठाऊक नसतं. त्याच मालिकेतले दोन सामने त्यानं जिंकून दिले होते. तो खाली मान घालून मैदानातून निघाला तेव्हा आजोबा पहिल्यांदा त्या नावाबद्दल बोलले. म्हणाले, "आता याचा बकनर होऊ नये." मग रेडिओ बंद केला.

म्हणून २००४ च्या त्या रात्रीचं मोल. नववी इनिंग, यांकीज ४-३ नं पुढे, समोर मारियानो रिव्हेरा, शेवटच्या इनिंगमधला जगातला सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. केव्हिन मिलारला वॉक मिळाला, म्हणजे चार चेंडू वाईट पडले म्हणून पहिला बेस फुकट. त्याच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला. हा जुलैअखेर संघात आलेला, वेगासाठीच ठेवलेला माणूस. रात्रभर बसून होता, आत जाऊन थंडीत आखडलेले पाय मोकळे करत होता. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळणार, हे रिव्हेराला ठाऊक होतं, कॅचर पोसादाला ठाऊक होतं, स्टेडियममधल्या पस्तीस हजार माणसांना ठाऊक होतं. रिव्हेरानं त्याला पकडायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. पोसादाची फेक चांगली होती. बेसवर आलेल्या यांकीजच्या जीटरनं चेंडू झेलून हात लावेपर्यंत रॉबर्ट्सची बोटं बेसवर पोहोचली होती. अंतर एवढं कमी, की अजूनही ते पाहताना मी श्वास धरते. बिल म्युलरनं सरळ मधून फटका मारला, रॉबर्ट्स घरी आला, ४-४. बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, आणि आजोबांची खुर्ची.

त्यानंतरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्सला एकदाही खेळायला मिळालं नाही आणि मोसम संपल्यावर तो दुसऱ्या क्लबात गेला. बॉस्टनसाठी तो पन्नास सामनेही खेळलेला नाही. माणसाची ओळख एका क्षणावर ठरते ती अशीही ठरू शकते, हे मला त्याच्यामुळे दिसलं.

दुसऱ्या रात्री चौदा इनिंग्ज, जवळजवळ सहा तास. शेवटच्या तीन इनिंग्ज कुणी टाकल्या? वेकफिल्डनं. पहिल्यासारखाच संथ, डुलणारा चेंडू. कॅचर जेसन व्हॅरिटेकला तो झेलायची सवय नव्हती. एकाच इनिंगमध्ये तीनदा चेंडू त्याच्या हातून सुटला, यांकीजचे धावपटू पुढे सरकत गेले, आणि आजोबा टेबलाची कड धरून उभे. धाव गेली नाही. मग पुन्हा ऑर्टिझ, ५-४. सहाव्या सामन्यात कर्ट शिलिंग घोट्याला टाके घालून आला आणि त्याच्या मोज्यावर रक्त उतरलं, तरी ४-२. सातवा १०-३. जे कधीच झालं नव्हतं ते झालं.

वर्ल्ड सिरीज सेंट लुईस कार्डिनल्सशी होती, पेस्कीच्या १९४६ मधल्याच संघाशी. पहिले तीन सामने जिंकून झाले, आणि चौथा आला बुधवारी, २७ ऑक्टोबरला, सेंट लुईसलाच. आश्विन पौर्णिमा, म्हणजे कोजागिरी. आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण.

आईपुढे पेच पडला. दूध तर आटवलेलं, केशर-चारोळ्या घातलेल्या, आणि चंद्राला लागलं ग्रहण. तिनं खिडकीतल्या कुंडीतली तुळशीची पानं दुधात टाकली, पातेलं झाकलं आणि सांगितलं, सुटेपर्यंत कुणी शिवायचं नाही. मी म्हटलं, तोवर खाली बसू. ती आली. आजोबांना मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी बेताचं. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. मी आजोबांना सांगितलं की आज रात्री लक्ष्मी फिरते आणि विचारते, को जागर्ति, कोण जागं आहे? त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं. मग म्हणाले, माझे वडील नाहीत, पण त्यांच्या वतीनं मी आहे. मी ते आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून खिडकीशी गेली. चंद्र तांब्याच्या जुन्या पैशासारखा झाला होता आणि आमच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना, एकाही घरातला दिवा मालवलेला नव्हता.

"इथेही जागवतात होय कोजागिरी?" ती म्हणाली.

शेवटचा फलंदाज एडगर रेंटेरिया, पाठीवर ३, बेब रूथचाच क्रमांक. त्यानं मारलेला चेंडू एक टप्पा घेऊन परत पिचर किथ फोकच्याच हातात आला. सोपा. पण तो अजून पहिल्या बेसकडे द्यायचा होता. फोक दोनतीन पावलं धावला आणि खालच्या हातानं, लहान मुलाला द्यावा तसा, त्यानं चेंडू दिला. तेवढ्या वेळात आजोबांनी डोळे मिटले होते. अठरा वर्षं त्यांचा पहिल्या बेसवर विश्वास नव्हता.

ओरडले नाहीत ते. बराच वेळ नुसते बसून राहिले. एक वाजता ग्रहण सुटलं, आईनं दूध गरम केलं आणि पहिली वाटी त्यांना दिली.

सकाळी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. वर्तमानपत्रासाठी दुकानापुढे रांग होती. दोन अंक घेतले. दफनभूमीत पोहोचलो तर ऑक्टोबरातल्या गुरुवारी सकाळी तिथे इतकी माणसं, की फाटकाबाहेर गाड्या लावाव्या लागल्या. कुणी टोपी ठेवत होतं, कुणी निशाण. बॉस्टनच्या आसपास कितीतरी ठिकाणी त्या सकाळी हेच चाललं होतं. आजोबांनी वडिलांच्या कबरीवर अंक पसरला. वारा होता. आईनं शोधून एक चपटा दगड आणला आणि कागदावर ठेवला. "पंधरा दिवसांपूर्वी आपली सर्वपित्री झाली," ती मला म्हणाली, "यांची आज."

पुढच्या एप्रिलमध्ये फेन्वेवर विजेतेपदाचं निशाण चढवताना दोरीला हात लावायला जॉनी पेस्की होता, पंच्याऐंशी उलटलेला. तरी आजोबांचा जीव अजून एका ठिकाणी अडकलेला होता. तो सुटला ८ एप्रिल २००८ ला. मोसमाचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना, २००७ च्या विजेतेपदाचं निशाण चढवायचा दिवस, आणि पहिला मानाचा चेंडू टाकायला बिल बकनर. तो त्या हिरव्या भिंतीकडून निघून संथ चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आला, आणि सगळं स्टेडियम उभं. टाळ्या थांबेनात. तो डोळे पुसत राहिला. मग त्यानं चेंडू टाकला, आणि झेलायला होता ड्वाइट इव्हान्स, त्याचा जुना सोबती. रेड सॉक्सच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी ऑक्टोबरातलं काही सांगत नाही, ही एप्रिलमधली दुपार सांगते. फक्त तिला यायला बावीस वर्षं लागली, आणि ती वर्षं बकनरची गेली, आपली नाही.

आजोबा २०११ च्या हिवाळ्यात गेले. २०१३ च्या एप्रिलमध्ये मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ बाँब फुटले; चार दिवसांनी शेजारच्या वॉटरटाउनमध्ये शोध चालला असताना आम्हीही वॉल्थममध्ये दारं लावून बसलो होतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डेट्रॉइटविरुद्ध ५-१ नं मागे असताना ऑर्टिझनं बेस भरलेले असताना होमरन मारला. झेल घ्यायला झेपावलेला टोरी हंटर कुंपणावरून पलीकडे कोसळला. त्याचे दोन पाय हवेत, आणि त्याच्या शेजारी बुलपेनमध्ये, बदली पिचरांच्या सरावाच्या जागेत, उभ्या असलेल्या बॉस्टनच्या पोलिसाचे दोन हात हवेत. ३० तारखेला रेड सॉक्सनी सेंट लुईसच्याच संघाला ६-१ नं हरवलं आणि वर्ल्ड सिरीज जिंकली, फेन्वेवर. घरच्या मैदानावर जिंकलेली १९१८ नंतरची पहिली. मी खालच्या मजल्यावर जाऊन पाहिला तो सामना. तिथे आता नवे भाडेकरू होते, त्यांनी हसत दार उघडलं. टीव्हीचा आवाज मोठा होता. मला रेडिओ हवा होता.

सकाळी दोन अंक घेतले आणि एकटीच गेले. आजोबांची कबर वडिलांच्या शेजारीच आहे. अंक पसरून झाल्यावर वाईला फोन लावला. तिकडे तिन्हीसांजा झालेल्या, दिवाळी तीन दिवसांवर आलेली, आई चकल्या करत होती. मी सांगितलं कुठे उभी आहे ते. कढईचा आवाज थांबला.

"दगड ठेवलास ना वर?"

"ठेवला."

"दोन्हींवर?"

मी वाकून दुसरा शोधायला लागले.